बर्फाची ओढ आणि सातपुड्याची थंडी

सदर : सहकुटुंब

मार्गशीर्ष सरत आला की व्यापारी घरांत एक विषय हमखास निघतो. सोयाबीनची मोठी आवक ओसरलेली असते, तूर अजून शेतात उभी असते आणि धनुर्मास लागल्यामुळे लग्नसराई थांबलेली असते. वर्षभर दुकानाच्या गादीशी बांधलेल्या माणसाला आठ-दहा दिवसांची मोकळीक दिसू लागते. मग घरात विचारणा सुरू होते : यंदा थंडीत कुठे जायचे? मुलांचे उत्तर तयार असते. जिथे बर्फ आहे तिथे! पायांना लांब पट्ट्या बांधून पांढऱ्याशुभ्र उतारावरून घसरत जाणारी माणसे त्यांनी मोबाईलवर पाहिलेली असतात. रिसोड तालुक्यातील रिठदसारख्या गावातही आज गुलमर्ग, औली, मनाली ही नावे लहान मुलांच्या तोंडी आहेत.

या ओढीत वावगे काहीच नाही. ज्या वऱ्हाडात उन्हाळ्याचा पारा पंचेचाळिशीला भिडतो, तेथील मुलांना हिमाचे कुतूहल वाटणार नाही तर कोणाला वाटेल? परंतु या सहलींविषयी एक गोष्ट मनाला खटकते आणि आजचे लेखन तिच्यासाठीच आहे. सहलीला कोण गेले हे आपण छायाचित्रांतून पाहतो. घरी कोण राहिले, हे छायाचित्रांत दिसत नाही. बहुतेक वेळा घरी राहते ती आजी. तिचा रात्रीभोजनाचा त्याग असतो, उकळलेल्या पाण्याचा नियम असतो, कंदमुळे वर्ज्य असतात. ‘तुम्ही जा, मी आपली घरीच बरी’ असे ती म्हणते आणि आपण ते सोयीस्करपणे खरे मानतो. आजीसाठी मग आजोबाही थांबतात. सहकुटुंब म्हणून ठरलेली सहल अर्ध्या कुटुंबाची होते.

म्हणून थंडीच्या सहलीचा विचार करताना पहिला प्रश्न ठिकाणाचा नसावा. तीन पिढ्या एकत्र जातील आणि कोणाचाही नियम मोडणार नाही, अशी सहल कोणती, हा प्रश्न आधी घ्यावा. ठिकाण त्यानंतर आपोआप सुचते.

हिमप्रदेशाचे वास्तव

ज्यांना बर्फच पाहायचा आहे, त्यांनी निदान माहिती घेऊन जावे. आपल्या देशात बर्फावर घसरण्याचा खेळ प्रामुख्याने दोन ठिकाणी रुजला आहे. पहिले काश्मीरमधील गुलमर्ग. समुद्रसपाटीपासून सुमारे 2,650 मीटर उंचीवरचे हे पठार. तेथे 1927 साली इंग्रजांनी स्की क्लब ऑफ इंडिया स्थापन केला. आज तेथील दोन टप्प्यांचा रोपवे माणसाला कोंगडोरीमार्गे अफरवत शिखराच्या खांद्यापर्यंत, म्हणजे सुमारे 3,950 मीटरपर्यंत नेतो. दुसरे ठिकाण उत्तराखंडातील औली. चमोली जिल्ह्यात, जोशीमठाच्या वर, अडीच हजार ते तीन हजार मीटर उंचीवर हे उतार आहेत आणि समोर 7,816 मीटर उंचीचे नंदादेवी शिखर दिसते. 2011 च्या जानेवारीत दक्षिण आशियाई हिवाळी स्पर्धांतील बर्फावरचे खेळ येथे झाले. गुलमर्गच्या तुलनेत औली शांत, म्हणून कुटुंबांना ते अधिक मानवते.

ही दोन्ही ठिकाणे रमणीय आहेत, यात शंका नाही. पण तीन पिढ्यांचा हिशेब मांडला की काही गोष्टी ध्यानात येतात. काश्मिरात 21 डिसेंबरपासूनचे चाळीस दिवस ‘चिल्ला-ए-कलान’ म्हणून ओळखले जातात. कडाक्याच्या थंडीचा हा काळ. रात्रीचे तापमान शून्याच्या बरेच खाली उतरते आणि नळातील पाणी गोठते. साडेतीन-चार हजार मीटर उंचीवर हवा विरळ असते. रक्तदाबाचा, हृदयाचा किंवा दम्याचा त्रास असणाऱ्या ज्येष्ठांनी वैद्यांना विचारल्याखेरीज रोपवेच्या वरच्या टप्प्यावर जाऊ नये. औलीबाबतही सावधगिरी हवी. 2023 च्या जानेवारीत जोशीमठात जमीन खचून घरांना तडे गेले आणि जोशीमठ-औली रोपवे बंद ठेवावा लागला. तेथे जाणाऱ्यांनी रस्ता, रोपवे आणि हिमवृष्टी यांची ताजी चौकशी करूनच निघावे. अलीकडे काही हिवाळ्यांत तेथे बर्फ फार उशिरा पडला आहे. दोन-दोन दिवसांचा प्रवास करून पिवळे गवत पाहून परतण्याची वेळ अनेकांवर आलेली आहे.

अंतराचाही विचार आहेच. वाशीम जिल्ह्यातून रेल्वेने गुलमर्ग किंवा औली गाठायचे तर जाण्या-येण्यातच सुमारे चार दिवस जातात. आठ दिवसांच्या सुट्टीतून ते वजा केले म्हणजे हातात काय उरते, हे व्यापाऱ्याला सांगण्याची गरज नाही.

नियम आणि ऋतू

आता आचाराकडे वळू. हिवाळ्यात दिवस लहान असतो आणि जसजसे उत्तरेकडे जावे तसतसा तो आणखी लहान होतो. डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात आपल्या विदर्भात सूर्य सुमारे पावणेअकरा तास क्षितिजावर असतो. गुलमर्गला तो दहा तासही नसतो. चौविहार करणाऱ्याला तेथे आपल्यापेक्षा जवळजवळ एक तास कमी मिळतो. त्यात नवकारशीची अठ्ठेचाळीस मिनिटे गेली, डोंगराआड सूर्य आधीच झाकला गेला आणि हॉटेलचे स्वयंपाकघर संध्याकाळी सातच्या आधी चूल पेटवायला तयार नसले, तर आजीने करायचे काय? दोन दिवस ती खाकऱ्यांवर काढते. तिसऱ्या दिवशी तिच्या डोळ्यांत घरची आठवण दिसू लागते.

वस्त्रांचा प्रश्नही लहान नाही. बर्फासाठी भाड्याने मिळणाऱ्या जॅकेटांत कित्येकदा बदकांची किंवा हंसांची पिसे भरलेली असतात आणि बूट, हातमोजे कातड्याचे असतात. ‘आत काय भरले आहे?’ असा एक साधा प्रश्न विचारला तर कृत्रिम धाग्यांची उबदार जॅकेटे आणि कापडी-रबरी बूट बहुतेक ठिकाणी मिळू शकतात. काश्मीरला जाणाऱ्यांनी आणखी एक जपावे. ‘शाहतूश’ नावाची तलम शाल कोणी गुपचूप दाखवली, तर हात जोडून नकार द्यावा. तिबेटी चिरू या हरणासारख्या प्राण्याला मारूनच ती लोकर मिळते, एका शालीसाठी अनेक जीव जातात आणि वन्यजीव संरक्षण कायद्याने तिचा व्यापार हा गुन्हा आहे. आपल्यात कापडाचे व्यापारी पुष्कळ आहेत. मालाच्या मागे काय दडले आहे, हे त्यांनी तरी ओळखावे.

खुद्द बर्फाविषयी आपल्या शास्त्रांनी काय सांगितले आहे, हे मुलांना सांगण्यासारखे आहे. उत्तराध्ययन सूत्रात आणि मूलाचारात अप्कायिक जीवांचे प्रकार मोजताना दव, धुके यांच्याबरोबर हिमाचीही गणना केली आहे. म्हणजे दोन्ही परंपरांच्या दृष्टीने बर्फ ही निर्जीव पांढरी भुकटी नसून ती एकेंद्रिय जीवांची काया आहे. गृहस्थाला स्थावर जीवांची हिंसा पूर्णपणे टाळता येत नाही, हे आचार्यांना ठाऊक होते. म्हणूनच त्यांनी श्रावकाकडून अपेक्षा ठेवली ती विवेकाची, आणि निष्प्रयोजन हिंसेला अनर्थदंड म्हणून वेगळे काढले. एवढे कळलेला मुलगा बर्फाळ प्रदेशात गेला, तरी तेथे तो धांगडधिंगा घालणार नाही. तो पाहील, जपून चालेल आणि हात जोडून परतेल.

श्रावकाच्या गुणव्रतांत दिग्व्रत आहे. दाही दिशांना आपण किती दूर जायचे, याची मर्यादा आधी ठरवायची आणि तिच्याबाहेरच्या आरंभ-समारंभापासून स्वतःला मुक्त ठेवायचे, हा त्याचा आशय. व्यापाऱ्यांच्या समाजात हे व्रत रुजले, यात मोठा अर्थ आहे. ज्याची पावले लाभासाठी कोठेही जाऊ शकतात, त्यालाच थांबण्याची जागा ठरवून घ्यावी लागते. सहलीलाही हे व्रत लावून पाहिले, तर ‘आणखी दूर’ या शब्दांची मोहिनी ओसरते आणि जवळचे दिसू लागते.

अडीचशे किलोमीटरांच्या आतला डोंगर

वाशीमहून मालेगाव, पातूर, अकोला. अकोल्याहून अकोट, अंजनगाव सुर्जी आणि परतवाडा. या वाटेने रिठदचे कुटुंब सकाळी निघाले तर दुपारी सातपुड्याच्या पायथ्याशी पोहोचते. एकूण अंतर अडीचशे किलोमीटरांच्या आत. येथून एक वाट सिद्धक्षेत्र मुक्तागिरीकडे जाते आणि दुसरी घाट चढून चिखलदऱ्याला. विदर्भातील हे थंड हवेचे ठिकाण सुमारे 1,118 मीटर उंचीवर, गाविलगडाच्या डोंगररांगेत वसले आहे. येथे हिम पडत नाही. पण थंडीच्या लाटेत पहाटेचा पारा एक आकडी होतो, दऱ्यांतून धुके वर येते, गवतावर दव साचते आणि शेकोटीभोवती बसल्यावर आजीच्या गोष्टींना पुन्हा श्रोते मिळतात. बर्फाच्या गावाला जाणारी कुटुंबे मनात जे घेऊन निघतात, त्यातला बराचसा भाग या डोंगरावर मिळतो.

प्रवासाची आखणी अशी करावी. पहिल्या दिवशी परतवाड्याहून मुक्तागिरीला जावे. हे क्षेत्र महाराष्ट्राच्या सीमेला लागून, मध्य प्रदेशातील बैतूल जिल्ह्यात येते, पण त्याचे दैनंदिन नाते परतवाडा-अचलपूरशीच आहे. क्षेत्रावर धर्मशाळा व भोजनशाळा आहे. आधी कळवून ठेवले तर सूर्यास्तापूर्वीचे भोजन, गाळलेले-उकळलेले पाणी यांची चिंता उरत नाही. जी आजी गुलमर्गच्या नावाने संकोचते, ती येथे सर्वांत आधी गाडीत बसते, कारण येथे आल्यावर ‘माझ्यामुळे तुमची अडचण’ असे म्हणण्याची तिच्यावर वेळ येत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी, ऊन चढण्यापूर्वी, पर्वतवंदना करावी. दरीच्या दोन्ही अंगांनी, वनराजीत विखुरलेली बावन्न मंदिरे, डोंगराच्या पोटात कोरलेले मंदिर आणि मध्ये कड्यावरून झेपावणारी जलधारा, असे हे दृश्य आहे. पावसाळ्यात धबधबा रौद्र असतो. हिवाळ्यात तो बारीक होतो, पण तेव्हा पायऱ्या कोरड्या असतात, पायांखाली चिरडले जाणारे पावसाळी जीवही कमी असतात आणि चढण सुखाची होते. ज्येष्ठांना पायऱ्या झेपत नसतील, तर डोलीची चौकशी आदल्या दिवशीच करून ठेवावी. येथून साडेतीन कोटी मुनी मोक्षाला गेले, अशी परंपरा आहे. क्षेत्राचे जुने नाव मेंढागिरी. डोंगरावरून कोसळलेला एक मेंढा ध्यानस्थ मुनींच्या जवळ पडला, मुनींनी त्याला णमोकार मंत्र ऐकवला आणि तो देवगतीला गेला, अशी कथा सांगतात. मरणाऱ्या मुक्या प्राण्याच्या नावाने ओळखला जाणारा पर्वत आपल्या मुलांनी पाहिलाच पाहिजे.

परतताना अचलपूरविषयी मुलांशी बोलावे. बाराव्या शतकात हेमचंद्राचार्यांनी प्राकृताचे व्याकरण रचले. त्यात ‘अचलपूर’ या नावातील च आणि ल या अक्षरांची अदलाबदल होऊन ‘अलचपूर’ होते, असे त्यांनी एका स्वतंत्र सूत्रात नोंदवले आहे. गुजरातेत बसलेल्या आचार्यांच्या लेखणीला वऱ्हाडातील या गावाचा उच्चार ठाऊक होता! पुढे रूढ झालेले ‘एलिचपूर’ हे नाव एल नावाच्या जैन राजावरून आले, अशी लोकपरंपरा आहे. हाच एलिचपूरचा राजा आपल्या शेजारच्या शिरपूर येथील अंतरिक्ष पार्श्वनाथांच्या कथेत भेटतो. तेथील जलाशयाच्या पाण्याने त्याचा रोग बरा झाला आणि मग भगवंतांची प्रतिमा प्रकट झाली, असे सांगतात. म्हणजे शिरपूरच्या दर्शनाने वाढलेला रिठदचा मुलगा सातपुड्याच्या पायथ्याशी येतो, तेव्हा तो परक्या मुलखात आलेला नसतो. एका जुन्या राजाच्या वाटेने तो उलट दिशेने चाललेला असतो.

चिखलदऱ्याचे दोन दिवस

दुपारी मुक्तागिरीहून निघून घाट चढावा. परतवाड्याहून चिखलदरा तीसेक किलोमीटर आहे, वळणे पुष्कळ आहेत. ज्यांना घाट लागतो त्यांनी रिकाम्या किंवा जड पोटी बसू नये. वर पोहोचल्यावर ‘किती पॉइंट झाले’ याची मोजदाद ठेवण्याचे कारण नाही. दोन दिवसांत तीन-चार ठिकाणे पुरेत.

पहिले भीमकुंड. अज्ञातवासात द्रौपदीला त्रास देणाऱ्या कीचकाला भीमाने मारून या दरीत फेकले, म्हणून ही ‘कीचकदरा’ आणि तिचेच पुढे ‘चिखलदरा’ झाले, अशी येथील आख्यायिका आहे. वाटाड्या हीच कथा सांगेल. पण आपल्या मुलांना दुसराही शेवट माहीत असावा. पुन्नाट संघाचे आचार्य जिनसेन यांनी शके 705 मध्ये, म्हणजे इसवी सन 783 मध्ये, हरिवंशपुराण पूर्ण केले. त्यात भीम कीचकाला चोप देतो, त्याचा गर्व उतरवतो आणि सोडून देतो. पश्चात्ताप पावलेला कीचक मुनिदीक्षा घेतो, कठोर परीक्षेतही अविचल राहतो आणि केवलज्ञानाला पोहोचतो. दरीच्या काठावर उभे राहून दोन्ही कथा सांगाव्यात आणि मुलांना विचारावे, तुम्हाला कोणती पटली? उत्तर देण्याची घाई त्यांना करू देऊ नये. अपराध्यालाही बदलण्याची जागा आपल्या पुराणकारांनी ठेवली, हे त्यांना आज ना उद्या उमगेल.

दुसरे गाविलगड. बहमनी सुलतान अहमदशहाने पंधराव्या शतकात बांधलेला हा किल्ला 15 डिसेंबर 1803 रोजी, अशाच कडाक्याच्या दिवसांत, आर्थर वेलस्लीच्या इंग्रज फौजेने नागपूरकर भोसल्यांच्या सैन्याकडून घेतला. दोनच दिवसांनी, 17 डिसेंबरला, जवळच्या देवगाव येथे तह झाला आणि भोसल्यांच्या हातून मोठा मुलूख गेला. हिवाळ्यात येथे गवत वाळलेले असते आणि तटावरून दूरवर नजर जाते. ज्येष्ठांनी दरवाजापर्यंतच जावे. आतली चाल मोठी आहे.

तिसरे म्हणजे कॉफीची झाडे. महाराष्ट्रात कॉफी पिकणारी जागा विरळाच. चिखलदरा त्यातली एक. हिवाळ्यात फळे लालसर होतात. दुकानात पुडीतून विकली जाणारी वस्तू झाडावर कशी दिसते, हे व्यापाऱ्याच्या मुलाला पाहू द्यावे. बाजारात गवळ्यांचा खवा आणि रबडी प्रसिद्ध आहे. दूध-खव्याची मर्यादा पाळणाऱ्यांनी तो त्याच दिवशीचा आहे का, हे विचारून घ्यावे. रस्त्याच्या कडेला मधाच्या बाटल्याही मांडलेल्या असतात. आपल्याला मध वर्ज्य, म्हणून विकणाऱ्याला तुच्छतेने वागवू नये. नम्रपणे ‘आम्ही घेत नाही’ म्हणावे आणि त्याच्याकडे दुसरे काही घेण्यासारखे असेल तर घ्यावे. ही विक्री करणारी माणसे बहुधा मेळघाटातील कोरकू कुटुंबांतली असतात. घाऊक बाजारात पै-पैची घासाघीस करणे हा आपला व्यवसाय आहे. चार आवळ्यांच्या वाट्यावर ती कसोटी लावू नये.

चौथे ठिकाण जंगलाचे. चिखलदऱ्याच्या भोवतीचा मेळघाट देशातील पहिल्या नऊ व्याघ्रप्रकल्पांपैकी एक आहे. 1973-74 मध्ये त्याची घोषणा झाली. वाघ दिसेलच असे नाही, आणि तो दिसावा म्हणून गाडी पिटाळणे हेही बरोबर नाही. येथे एक लहानसा पक्षी राहतो, वनपिंगळा. 1884 नंतर शतकाहून अधिक काळ त्याची खात्रीलायक नोंद मिळाली नव्हती आणि तो नामशेष झाला असे अभ्यासक मानू लागले होते. 1997 च्या नोव्हेंबरमध्ये शहाद्याजवळच्या सातपुड्यात तो पुन्हा सापडला आणि नंतर मेळघाटातही आढळला. हा पिंगळा दिवसा वावरतो. संपला म्हणून ज्याची नोंद बंद होत आली होती, तो जीव कोवळ्या उन्हात फांदीवर बसलेला दिसला, तर ते भाग्य मानावे. न दिसला तरी तो आहे, एवढे ज्ञान पुरेसे आहे.

शांतता कोणी राखायची?

चिखलदऱ्याला खरी गर्दी होते ती पावसाळ्यात, आणि दुसऱ्यांदा 31 डिसेंबरच्या आसपास. पावसाळ्यात घाटात गाड्यांच्या रांगा लागतात. वर्षअखेरीस कर्णे आणि नाचगाणी मध्यरात्रीपर्यंत चालतात. म्हणून डिसेंबरच्या मध्यापासून नाताळपर्यंतचे, किंवा जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यातले सोमवार ते गुरुवार निवडावेत. मुलांच्या शाळेचे दोन-तीन दिवस बुडतील. शाळेला आधी पत्र देऊन अभ्यास भरून घेता येतो. दुकानाचेही तसेच. भाऊबंदांनी पाळी लावून घ्यावी. एक घर जाईल तेव्हा दुसरे दुकान पाहील, पुढच्या आठवड्यात उलट. संयुक्त कुटुंबाची ही जुनी सोय सहलीच्या कामी आली तर कोणाचेच शटर बंद ठेवावे लागत नाही.

हॉटेल ठरवताना भाड्याआधी तीन प्रश्न विचारावेत. सायंकाळचे जेवण पाचपर्यंत मिळेल काय? कांदा, लसूण, बटाटा वर्ज्य असलेले जेवण वेगळ्या भांड्यांत होईल काय? सकाळी पाणी उकळण्यासाठी शेगडी मिळेल काय? श्वेतांबर परंपरेत शीतकाळात उकळलेले पाणी चार प्रहर चालते, म्हणजे सकाळी एकदा उकळून घेतले की दिवस निभावतो. डिसेंबरअखेरीस तेथे पावणेसहाच्या सुमारास सूर्य मावळतो. भटकंती चारलाच आवरली, तर कोणाची धावपळ होत नाही. बरोबर खाकरे, थेपले, मुगाची डाळ, भाजलेले पोहे असावेत. कानटोपी, सुती रजई आणि ज्येष्ठांची औषधे विसरू नयेत. रात्री डोंगरावर औषधाचे दुकान शोधत फिरण्याचा प्रसंग येऊ नये.

शांततेबद्दल शेवटी एक सांगायचे आहे. चिखलदऱ्यात दोन कड्यांना जोडणाऱ्या, काचेच्या तळाच्या स्कायवॉकचे काम सिडकोने हाती घेतले आहे. त्यातून रोजगार वाढेल, तसे येणाऱ्यांचे लोंढेही वाढतील. शांत गाव हवे म्हणून आपण तेथे जातो आणि तेथे जाऊन मोठ्याने गाणी लावतो, प्लॅस्टिकच्या पिशव्या दरीत टाकतो, माकडांना फरसाण खाऊ घालतो. माकडांना खाऊ घालणे ही दया वाटते, पण त्यामुळे ती रानातले अन्न सोडून रस्त्यावर येतात आणि गाड्यांखाली सापडतात. जीवदया म्हणजे त्यांना त्यांच्या रानात राहू देणे. पंचबोल नावाच्या ठिकाणी दरीत हाक मारली की तिचे पडसाद वारंवार ऐकू येतात. मुले तेथे हमखास ओरडतात, ओरडू द्यावे. मग त्यांना पाच मिनिटे गप्प बसवून ऐकायला सांगावे. एका सामायिकाची अठ्ठेचाळीस मिनिटे घरी ज्यांना जड जातात, ते या दरीकाठी सहज स्थिर होतात.

एखादे वर्षी बर्फही पाहावा. नोकरी-शिक्षणानिमित्त पुढे मुलांना हिमप्रदेश दिसतीलच, कदाचित आल्प्सही दिसेल. पण आजीबरोबर डोंगर पाहण्याची वर्षे मोजकी असतात, आणि ती पुढे ढकलता येत नाहीत. म्हणून यंदाच्या धनुर्मासात घरात विषय निघाला की नकाशा उघडण्याआधी आजीला विचारावे : ‘आई, तुमचे सगळे नियम पाळून चार दिवस डोंगरावर जाऊ या. याल ना?’ ती आधी नाहीच म्हणेल. दुसऱ्यांदा विचारावे.

जय जिनेंद्र.